सेंट लुईसची घरं मागच्या गल्लीतून दाखवणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुम्हाला समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं बरं बरं, चहा टाक" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांदेखत लिहितेय, आता बसा वाचत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, काका मूळचे वाईचे, स्ट्रक्चरल इंजिनियर, रिटायर झालेत, आणि आपली बरीच मंडळी चेस्टरफील्ड-बॉलविनसारख्या उपनगरांकडे नवीन घरं घेऊन राहतात तसं न करता हे सेंट लुईस शहरातच राहिले, जुन्या विटांच्या घरात. मिडवेस्ट, म्हणजे अमेरिकेचा हा मधला पट्टा, म्हणजे नुसता मका आणि हायवे असं म्हणणाऱ्या कोणालाही काकांसोबत एक शनिवार पाठवा, येताना चपला झिजलेल्या असतील पण तोंड बंद असेल.

लाफायेट स्क्वेअर या जुन्या वस्तीत सगळेच जातात, मॅनसार्ड छपरं (जवळजवळ उभ्या उताराची, आत खोली मावेल अशी), रंगीत दारं, फोटो, झालं. काकांनी तिथे आधी पार्कातली झाडं बघायला लावली. पार्क 1851 चं, पण 27 मे 1896 ला जे चक्रीवादळ आलं त्यात अडीचशेच्या वर माणसं गेली आणि या पार्कातली झाडं जवळजवळ सगळी आडवी झाली, आजूबाजूच्या घरांची छपरं उडाली ती वेगळीच. आता वर बघ म्हणाले, कुठला मजला नंतर चढवल्यासारखा वाटतो ते शोध. मान दुखली, पण तेव्हापासून घर बघताना नजर आधी वर जाते.

आणि मग सूलार्ड, शहरातली अजून एक जुनी वस्ती. इथे तुम्ही पुढचा रस्ता सोडून मला सरळ मागच्या गल्लीत नेलंत, जिथे कचऱ्याचे डबे असतात. म्हणालात, पुढून घर नटलेलं असतं, मागून खरं बोलतं. पुढे दोन घरांच्या मध्ये किंवा एकाच घराच्या पोटातून जाणारा तो अरुंद कमानीचा बोळ, त्याला इथे माउसहोल म्हणतात, त्यातून मागे गेलं की अंगण, अंगणातून वरच्या बिऱ्हाडाचा जिना, आणि कुठे कुठे गल्लीला लागून अजून एक छोटं घर. जर्मन आले, बोहेमियन आले, एकेका प्लॉटवर किती संसार मावले असतील ते पुढून अजिबात कळत नाही! फ्लाउंडर घर तर मला फारच आवडलं, छप्पर एकपाखी, जणू दुपाखी घर मधोमध कापून अर्धं कोणी घेऊन गेलं, आणि उंच बाजूची भिंत बऱ्याचदा बिनखिडकीची. टॅक्स वाचवायला अशी बांधली ही गोष्ट इथे सगळे सांगतात, तुम्ही मात्र "थापा" म्हणून एका शब्दात उडवून लावलंत.

भिंतीवरचे ते लोखंडी तारे लोकांना डेकोरेशन वाटतात. ते आतून गेलेल्या सळईचं टोक आहे, भिंत बाहेर फुगू नये म्हणून मजल्याच्या लाकडांशी ताणून धरलेली, हे तुम्ही रस्त्यात उभं राहून खडूने काढून दाखवलंत, मागून गाडीवाला हॉर्न देतोय आणि तुमचं चालूच.

मुळात एवढी वीट का, तर 1849 च्या मे महिन्यात व्हाइट क्लाउड नावाच्या बोटीला आग लागली, ती धक्क्यावरून गावात शिरली आणि शेकडो इमारती गेल्या, मग शहराने नियमच केला की बांधायचं तर वीट नाहीतर दगड. पायाखाली उत्तम माती होतीच. पुढे हायड्रॉलिक प्रेस ब्रिक कंपनीच्या दाबून केलेल्या विटा इतक्या धारदार निघायला लागल्या की दरजेत पोस्टकार्डसुद्धा जेमतेम जाईल. पण त्या फक्त पुढच्या भिंतीला, बाजूला साधी मऊ वीट आणि जाड दरजा, म्हणजे समोर पैठणी आणि आत रोजचं पातळ.

याच मऊ विटेपायी तुम्ही आमचं घर वाचवलंत. आम्ही टॉवर ग्रोव्ह पार्कजवळ घर घेतलं, बाजूच्या भिंतीच्या दरजा रिकाम्या झालेल्या, एक कॉन्ट्रॅक्टर सिमेंटने भरून देतो म्हणाला, भाव स्वस्त. तुम्ही खिशातल्या किल्लीने जुनी दरज खरवडली, पांढरा भुगा माझ्या तळहातावर ठेवला, चुना! आणि मग शेजारच्या गल्लीतली एक भिंत दाखवलीत जिथे सिमेंटच्या दरजा तशाच पुढे आलेल्या आणि मधल्या विटांचे चेहरे सोलून गेलेले. सिमेंट कडक, ओल दरजेतून बाहेर पडू शकत नाही, मग ती विटेतून निघते, हिवाळ्यात गोठते आणि विटेची कातडी उडवते. वाईला वाड्यांसाठी बैल जुंपून घाण्यात चुना मळायचे ती गोष्ट तेव्हाच ऐकली. चुन्याचं काम येणारा म्हातारा गवंडी तुम्हीच शोधलात आणि भिंत लवकर सुकू नये म्हणून भिजवलेली गोणपाटं टाकायला सकाळी सकाळी स्वतः पाइप घेऊन हजर. आम्ही उठलेलोही नसायचो.

नॉर्थ साइडला मला कोणीच नेलं नसतं, जाऊ नका एवढंच सांगतात. तुम्ही लॅबडी अव्हेन्यूवरच्या शेली कुटुंबाच्या घरासमोर उभं केलंत. साधं दोन बिऱ्हाडांचं विटांचं घर, नक्षी वगैरे काही नाही. काळ्या लोकांना विकायचं नाही असा करार त्या जागेवर होता, 1945 मध्ये शेलींनी घर घेतलं, शेजाऱ्यांनी केस केली, आणि 1948 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असले करार कोर्टाने राबवायचे नाहीत. त्या करारात मंगोलियन वंशाचे, म्हणजे चिनी-जपानी वगैरे, लोकही नको होते. काका एवढंच म्हणाले, आपण तेव्हा आलो असतो तर? माझ्याकडे उत्तर नव्हतं. थोडं पुढे रिकामे प्लॉट, चोरांनी विटा विकण्यासाठी आख्खी घरं पाडून नेलेली, आधी आग लावायची म्हणजे बंबाच्या पाण्याने चुना ढिला होतो. आणि उरलेल्यातली कितीतरी मे 2025 च्या वादळाने पाडली. त्यानंतर तुम्ही या वयात हेल्मेट घालून लोकांच्या भिंती तपासत फिरत होतात, एक पैसा न घेता, ही गोष्ट मला काकूंकडून कळली, तुमच्याकडून नाही.

तर काका, मनापासून थँक्यू. लाफायेट स्क्वेअरमधली बेंटन प्लेस ही गल्ली अजून बघायची राहिलीय, गुडघा बरा झाला की कळवा, गाडी मी चालवेन. तुम्ही दुसऱ्यांच्या खिडक्या बघत गाडी चालवता, काकूंनी सक्त मनाई केली आहे.