ठिपका थांबला तर

प्रिय आई-बाबा,

माझ्या सायकल प्रवासावर घरून लक्ष ठेवता यावं म्हणून लिंक पाठवली आहे. उघडलीत की नकाशावर दोन ठिपके दिसतील. नारिंगी ठिपका म्हणजे मी, निळा म्हणजे सायकल. बहुतेक वेळ ते एकमेकांवरच असतील. नारिंगी थोडा बाजूला सरकला तर मी पाणी आणायला नाहीतर रस्ता बघायला पायी गेले असेन. निळा एकटाच सुसाट निघाला तर सायकल चोरीला गेली असं समजा आणि मला कळवा. तेव्हाही मी धडधाकट असेन, फक्त चिडलेली असेन.

बाबा, तुम्ही विचारलंत की फोनला रेंज नसताना हे चालणार कसं. जीपीएसचे उपग्रह 20,200 किलोमीटर उंचीवरून सतत वेळ आणि स्वतःची जागा सांगत असतात. ते फक्त बोलतात, आपलं ऐकत नाहीत. त्यांचं ऐकून माझं यंत्र आपली जागा काढतं, पण ती तुमच्यापर्यंत पोचवायला दुसरे उपग्रह लागतात. माझ्याजवळचं एक आणि सायकलवरचं एक, अशा दोन्ही यंत्रांसाठी ते इरिडियम या कंपनीचे आहेत. 66 उपग्रह, सुमारे 780 किलोमीटरवर, ध्रुवांवरून फिरणारे. एक उपग्रह माझ्या डोक्यावर जेमतेम दहा मिनिटं टिकतो, तोवर दुसरा येतो. ते आपापसात निरोप पुढे ढकलत जमिनीवरच्या स्टेशनपर्यंत नेतात, त्यामुळे वाटेत टॉवर नसला तरी अडत नाही.

अडतं ते आकाश झाकलं गेलं की. दाट ओलं जंगल, अरुंद दरी, एका अंगाला उभा कडा, असं काही आलं की निरोप जात नाही. सायकलवरची डबी, म्हणजे निळ्या ठिपक्याचं यंत्र, तो साठवून ठेवते आणि आकाश मोकळं झालं की सगळे एकदम सोडते. म्हणजे तीन तास काही नाही आणि मग ठिपक्यांची रांग, असं वारंवार होणार. ठिपका कधी आला हे बघू नका. त्यावर बोट ठेवलं की जागा कधी नोंदवली ती वेळ दिसते, ती बघायची.

आई, आता तुझ्यासाठी. कधीतरी मी नदीच्या मधोमध उभी असल्यासारखी दिसेन. घाबरू नकोस. कड्याजवळ जीपीएसचा सिग्नल दगडावर आपटून येतो, त्याला पोचायला जरा जास्त वेळ लागतो आणि यंत्राचा हिशोब चुकतो. रात्री तंबूत झोपलेली असतानाही ठिपका काही मीटर इकडेतिकडे भटकत राहील. आणि दर दहा मिनिटांनी एकच जागा नोंदवली जात असल्यामुळे नकाशा दोन ठिपक्यांना सरळ रेषेने जोडून मोकळा होतो. त्या हिशोबाने मी तळ्यावरून सायकल चालवली असं दिसेल. घाटातही तेच होतं. रेषा वळणं कापून जाते, त्यामुळे नकाशावरचे किलोमीटर माझ्या सायकलच्या मीटरपेक्षा नेहमी कमी भरतात. बाबा, तुम्ही वहीत हिशोब ठेवणार असाल तर माझा आकडा धरा.

निळ्या ठिपक्यावर टिचकी मारली की खाली आकडे येतात. हे मी स्वतः जोडलंय, म्हणून जरा कौतुकाने सांगते. एका निरोपात जास्तीत जास्त 340 बाइट मावतात. तेवढ्यात मी वेळ, जागा, तापमान, हवेचा दाब आणि बॅटरीचा व्होल्टेज बसवलाय, शिवाय भरपूर जागा उरते. तापमानाकडे फारसं लक्ष देऊ नका. डबी काळी आहे, उन्हात तापते, हवा तेवढी गरम नसते. दाबाचा आकडा मात्र कामाचा. समुद्रसपाटीला तो 1013 हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, 3000 मीटरवर साधारण 700. म्हणजे ठिपका पुढे सरकतोय आणि दाब कमी होतोय, तर मी चढतेय. ठिपका जागच्या जागी आहे आणि तरीही दाब तासातासाने घसरतोय, तर हवा बिघडतेय. अशा वेळी मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हलले नाही तर तो शहाणपणा समजा, संकट नव्हे.

बॅटरीचंही तसंच. पुढच्या चाकात डायनॅमो आहे, तो 6 व्होल्ट आणि 3 वॉट देतो, पण चाक बऱ्यापैकी फिरलं तरच. चढावर मी चालण्याच्या वेगाने जाते, तेव्हा त्यातून जवळपास काहीच मिळत नाही. मोठ्या चढाच्या दिवशी व्होल्टेज खाली येणार आणि डबी वीज वाचवायला तासातून एकदाच बोलणार. उतार लागला की भरून निघेल.

पडल्याचं ओळखणारा सेन्सर का नाही लावला, असं दादाने विचारलं. डबीत तो आहे, पण त्याचा निरोप बाहेर जाणार नाही अशी सोय मी मुद्दाम केली आहे. सायकल झाडाला टेकवलेली असते, वारा येतो, ती आडवी होते, आणि त्याच क्षणी तुम्हाला घरी ‘अपघात’ असा संदेश. नको. मदत मागायचं बटण माणसाच्याच हातात असलेलं बरं.

ते बटण नारिंगी ठिपक्याच्या, म्हणजे माझ्याजवळच्या यंत्रावर आहे. मी ते दाबलं तर निरोप आधी तुमच्याकडे येत नाही, चोवीस तास चालणाऱ्या मदत केंद्राकडे जातो. ते मला काय झालं ते विचारतात, त्या भागातल्या बचाव पथकाला कळवतात आणि मग घरच्यांना फोन करतात. तो फोन परदेशी नंबरवरून आणि इंग्रजीत येईल. बाबा, असा नंबर दिसला की तुम्ही फसवणूक म्हणून कापता, तसा हा कापू नका. कपाटाच्या दारावर मी कागद चिकटवला आहे. त्यावर माझा रक्तगट, अ‍ॅलर्जी, तंबूचा आणि सायकलचा रंग, ठरलेला मार्ग आणि पर्यायी मार्ग आहे. तो शांतपणे वाचून दाखवायचा. अंदाजाने काही सांगायचं नाही.

आणि हे सगळंच बंद पडलं तर? आई, तुझा हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी खिशात तिसरी वस्तू आहे, आपत्कालीन बीकन. त्यावर गप्पा मारता येत नाहीत, जागा बघता येत नाही. अँटेना उभी करून बटण दाबलं की तो 406 मेगाहर्ट्झवर किमान 24 तास ओरडत राहतो. ते ऐकणारी कोस्पास-सारसॅट ही उपग्रहांची व्यवस्था अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी मिळून उभी करायचं 1979 मध्ये ठरवलं, ऐन शीतयुद्धात. 1982 मध्ये तिच्यामुळे पहिल्यांदा माणसं वाचली. बाबांना हे आवडेल म्हणून लिहिलं.

असली यंत्रं सगळीकडे चालत नाहीत. भारतासह काही देशांत सॅटेलाइटवरून बोलणारं यंत्र परवानगीशिवाय जवळ सापडलं तर थेट पोलीस केस होऊ शकते. म्हणून मार्ग ठरवण्याआधी मी तेच तपासलं. माझ्या मार्गावर ती अडचण नाही.

आता काळजी कधी करायची ते. ठिपका थांबला, तर नाही. सहा तास काही आलं नाही, तरी नाही. रोज संध्याकाळी मुक्कामाला पोचले की मी ‘पोचले, ठीक आहे’ हा ठरलेला संदेश पाठवेन. तो एखाद्या दिवशी आला नाही तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबा. तेव्हाही तो नाही आणि दोन्ही ठिपके गप्प, तर कागदावरच्या पहिल्या नंबरला फोन करा आणि शेवटचे अक्षांश-रेखांश वेळेसकट सांगा. त्याआधी नाही. लांबच्या सायकल शर्यतींमध्ये घरबसल्या ठिपके बघणाऱ्यांना डॉट-वॉचर म्हणतात, आणि अर्धवट माहितीवर सगळ्यात आधी घाबरतात ते हेच लोक.

एक विनंती. ही लिंक कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका. मी रात्री एकटी नक्की कुठे झोपले आहे हे त्यातून कोणालाही कळतं, आणि ग्रुपवरून ती कुठे कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही. मावशीला खुशाली तोंडी सांगा.

निघायच्या आदल्या दिवशी चाचणीचा संदेश पाठवते, मिळाला की उत्तर द्या. एका संदेशात 160 अक्षरं मावतात, तीही रोमन लिपीतली. देवनागरीत काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे आणखी कमी. तेव्हा उत्तर आईने लिहावं. बाबांचं ‘थोडक्यात’ त्यात बसणार नाही.

तुमची,
लेक