अण्णांच्या सायकलीला कोणता गिअर घ्यावा

युट्रेक्ट, नेदरलँड्स
१८ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप दादांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र परवा मिळाले. अण्णांचा उजवा गुडघा आता चढाला साथ देत नाही आणि तरीही ते शेतावर सायकलनेच जाण्याचा आग्रह सोडत नाहीत, हे वाचून मला नवल वाटले नाही, पण काळजी मात्र वाटली. त्यांच्यासाठी विजेवर चालणारी सायकल घ्यायचे तुम्ही ठरवले, हे फार चांगले केले. पुण्याच्या विक्रेत्याने तुम्हाला दोन सायकली दाखवल्या, एक मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, आत आठ गिअर असलेली आणि दुसरी मागे सात दातेरी चकत्यांची कॅसेट असलेली, आणि त्यांतली कोणती घ्यावी असे तुम्ही विचारले आहे. शिकत असताना दोन वर्षे दर शनिवारी मी इथल्या एका दुरुस्तीच्या दुकानात काम केले, तेव्हा हे दोन्ही प्रकार खोलून पाहण्याची संधी मिळाली होती. म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अशी की गिअर पाहण्याआधी मोटार कुठे बसवली आहे ते पाहावे लागते. तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रांत कॅसेटवाल्या सायकलीची मोटार मागच्या चाकाच्या हबमध्येच आहे. जिथे गिअर बसायचे ती जागा मोटारीने घेतल्यामुळे त्या सायकलीला हबगिअर बसवताच येत नाही, तिला बाहेरच्या चकत्याच हव्यात. पण त्या रचनेचा एक फायदा आहे. मोटार चाक थेट फिरवते, त्यामुळे चेनवर फक्त पायांचा जोर येतो आणि चेन व चकत्या साध्या सायकलीइतक्याच झिजतात. हबगिअरवाल्या सायकलीची मोटार पायडलच्या मधोमध आहे. तिथे पायांचा आणि मोटारीचा असा दोघांचा जोर एकाच चेनमधून मागच्या चाकाकडे जातो. गिअरची निवड खऱ्या अर्थाने महत्त्वाची ठरते ती इथे. बॉश कंपनीच्या अशा मोटारींचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, त्यांच्या प्रकारानुसार ४० न्यूटन-मीटरपासून ८५ न्यूटन-मीटरपर्यंत, काहींचा त्याहूनही अधिक असतो. तेवढा टॉर्क रोज अरुंद चेनमधून जाऊ लागला की चेन लवकर ताणते, आणि ताणलेली चेन वेळेत बदलली नाही तर ती चकत्यांचे दातही खाऊन टाकते.

चढाच्या दृष्टीनेही मधली मोटार मला अधिक योग्य वाटते. चाकातल्या मोटारीला गिअरचा उपयोग होत नाही. चढावर चाक सावकाश फिरू लागले की तीही सावकाश फिरते, तिची कार्यक्षमता घटते आणि ती तापते. मधली मोटार मात्र सायकलीचेच गिअर वापरते, त्यामुळे हलका गिअर टाकला की माणसाच्या पायांबरोबर तिलाही आराम मिळतो. शेताकडून परत येताना ओढ्यापासून वर येणारा जो चढ आहे, तो अण्णांना रोज चढायचा आहे.

आता हबच्या आत काय असते ते सांगतो. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा डोळ्यांसमोर आणा आणि तो पोकळ आहे असे समजा. मध्ये आसाला पक्के बसवलेले एक लहान दातेरी चाक असते, त्याच्याभोवती तीन-चार लहान चाके फिरतात आणि त्या सगळ्यांना वेढणारी, आतल्या बाजूने दात असलेली एक कडी असते. जोर कडीतून आत घेतला आणि फिरत्या चाकांच्या चौकटीतून बाहेर काढला की चाक सावकाश फिरते. उलट केले तर वेगाने फिरते, आणि काहीच मध्ये न घेता सरळ जाऊ दिला तर जसेच्या तसे फिरते. कोणत्या भागाने कशाला पकडायचे हे आतले कुत्रे, म्हणजे दातांत अडकणाऱ्या लहान खिट्ट्या, ठरवतात, आणि मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलमधले कुत्रे तुम्ही तुमच्या सायकल दुकानात हजारो वेळा हाताळलेले आहेत. ही युक्ती जुनीच आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा आहे. जर्मनीतल्या रोलॉफ कंपनीने १९९८ मध्ये चौदा गिअरचा हब आणला. तो अतिशय उत्तम असला तरी आपल्या कामासाठी फारच महाग आहे, म्हणून त्याचा विचार करत नाही. तुम्ही विचारलेला शिमानोचा नेक्सस हा आठ गिअरचा हब इथल्या रोजच्या सायकलींमध्ये फार वापरला जातो.

माझ्या इथल्या पहिल्या विजेच्या सायकलीला मधली मोटार आणि कॅसेट होती. थंडीत इथे पाणी गोठून रस्ते निसरडे होऊ नयेत म्हणून सायकलींच्या वाटांवरही मीठ टाकतात. ते खारट पाणी उडून चेनवर बसते. एकाच हिवाळ्यात माझ्या चेनचा प्रत्येक सांधा तांबडा झाला आणि चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा, मागे लोंबणारा डिरेलर गंजून अडकू लागला. तिथे रोज संध्याकाळी चेन पुसून तेल देणारा माणूस हवा होता, आणि मी तो नव्हतो. आपल्याकडे मीठ नाही, पण पावसाळ्यातली काळी माती आणि उन्हाळ्यातली धूळ मिठाहून कमी नाहीत. मडगार्ड आणि टायर यांच्या मध्ये चिखल भरून चाक फिरेनासे होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तोच चिखल सात चकत्यांच्या फटींत भरला की चेन दातांवर नीट बसत नाही आणि जोर दिला की उडी मारते.

हबगिअरची मोठी सोय अशी की चेन एकाच सरळ रेषेत धावते, कधी डावीउजवीकडे सरकत नाही, म्हणून तिच्यावर पूर्ण बंद चेनकव्हर घालता येते. अण्णांच्या जुन्या काळ्या सायकलीचे ते पत्र्याचे बंद कव्हर आठवते का? तुम्ही दिवाळीला ते उघडून आतली चेन पाहायचात आणि ती वर्षभरानंतरही तेलकट असायची. इथल्या रोजच्या सायकलींना आजही तसेच कव्हर असते आणि त्यामागचे कारण हेच आहे. शिवाय ही चेन रुंद, साधी, एकाच गिअरच्या सायकलीची असते. तुमच्या दुकानात खिळ्याला टांगलेली अर्धा इंच बाय अष्टमांश इंचाची चेन या हबला चालते. मला तर हे सगळ्यांत महत्त्वाचे वाटते, कारण सर्वांत जास्त झिजणारी वस्तू अंबाजोगाईतच मिळेल, तिच्यासाठी पुण्याला फोन करावा लागणार नाही.

अण्णांच्या सवयीचाही विचार केला. ते चढाच्या पायथ्याशी उतरतात, क्षणभर थांबतात आणि मग पुन्हा बसतात. कॅसेटमध्ये गिअर बदलण्यासाठी पायडल फिरत असावे लागते, म्हणून जड गिअरवर थांबलेल्या माणसाला तसेच जड निघावे लागते. गुडघ्याला सर्वांत जास्त त्रास त्याच पहिल्या दोन फेऱ्यांत होतो. हबगिअर मात्र उभ्या सायकलीवर, पाय जमिनीवर असताना बदलता येतो. तो चालत्या सायकलीवर बदलताना उलट काळजी घ्यावी लागते. हँडलवरची गिअरची मूठ फिरवताना पायांचा जोर क्षणभर सोडायला हवा, नाहीतर मोटार ढकलत असताना आतले कुत्रे घट्ट अडकून राहतात. ही एक सवय अण्णांना पहिल्या आठवड्यात तुम्ही शेजारी चालून लावून द्या.

गिअरच्या पल्ल्याची चिंता करू नका. आठ गिअरच्या त्या हबचा सर्वांत हलका गिअर ०.५२७ आणि सर्वांत जड १.६१५ आहे, म्हणजे मागच्या चकतीच्या एका फेरीत चाक तेवढ्या फेऱ्या फिरते, आणि त्यांच्यात सुमारे तीन पटींचा फरक आहे. पाचवा गिअर सरळ एकास एक असतो. पुढे ३८ दात आणि मागे १९ दात ठेवले, तर पहिल्या गिअरमध्ये पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे २.३ मीटर आणि आठव्यात सुमारे ७ मीटर जाते. सात चकत्यांची साधी फ्रीव्हील १४ ते २८ दातांची असते, तिच्यात हा फरक जेमतेम दुप्पट होतो. स्वच्छ आणि तेल दिलेली कॅसेट पायांचा जोर हबपेक्षा थोडा अधिक पोहोचवते हे खरे आहे, कारण हबमध्ये दात दातांवर घासताना काही जोर वाया जातो. पण मोटार सोबत असताना अण्णांना तो फरक जाणवणार नाही.

इथे एक सूचना कृपया लक्षात ठेवा. चढ आणखी हलका व्हावा म्हणून मागे मोठी चकती बसवण्याचा मोह तुम्हाला होईल, पण तसे करू नका. पुढची चकती मागचीच्या दुप्पट असेल तर पायडलवरचा टॉर्क हबपर्यंत पोहोचेपर्यंत निम्मा होतो. दोन्ही सारख्या केल्या तर पाय आणि मोटार यांचा पूर्ण टॉर्क हबच्या आतल्या लहान दातांवर येतो, आणि ते दात त्यासाठी घडवलेले नसतात. म्हणूनच हब बनवणारे या प्रमाणाची खालची मर्यादा ठरवून देतात. दुप्पट हे प्रमाण सुरक्षित समजा.

हबच्या विरुद्ध जे आहे तेही लपवत नाही. आत काही मोडले तर आपल्या भागात ते खोलणारा कोणी नाही, आणि सुटे भागही मिळणार नाहीत. ज्या अडचणी मी प्रत्यक्ष पाहिल्या त्यांतल्या बहुतेक मात्र आतल्या मोडतोडीच्या नव्हत्या, मुठीपासून हबपर्यंत जाणाऱ्या गिअरच्या वायरच्या होत्या. पुढे मी हबगिअरची दुसरी सायकल घेतली, तिचे चाक एकदा काढून परत बसवले आणि वायर नीट जुळवली नाही. पुलाच्या चढावर गिअर निसटला, पायडल एकदम रिकामे फिरले आणि माझा गुडघा हँडलवर आदळला. तो दोष हबचा नव्हता, माझा होता. मूठ चौथ्या गिअरवर ठेवायची आणि हबजवळच्या दोन पिवळ्या रेघा समोरासमोर येईपर्यंत वायर ताणायची किंवा सोडायची, एवढेच ते काम आहे. तुम्ही ते पाच मिनिटांत कराल. आतला गाभा तेलात बुडवण्याचे काम पहिल्या १००० किलोमीटरनंतर आणि पुढे दर दोन वर्षांनी किंवा ५००० किलोमीटरनंतर करतात. पुढच्या वेळी आलो की ते आपण दोघे मिळून करू.

पंक्चरविषयी मला आधी फार शंका होती. शेताच्या वाटेवर सराटे आणि बाभळीचे काटे आहेत, आणि हबगिअरचे चाक काढायचे म्हणजे दोन्ही नट, त्यांचे अडकणारे वॉशर आणि वायर हे सगळे सोडवावे लागते. पण मग इथला माझा वस्ताद पंक्चर कसे काढायचा ते आठवले. चाक जागेवरच ठेवून तो टायरची एक बाजू उचलायचा, ट्यूब बाहेर ओढायचा, भोक शोधून ठिगळ लावायचा. म्हणजे तुम्ही घमेल्यात पाणी घेऊन गेली तीस वर्षे करता तेच. चाक उतरवावे लागेल ते फक्त टायर किंवा ट्यूब बदलायची असेल तेव्हा, म्हणून सुरुवातीलाच जाड टायर घाला.

कॉलेजच्या मुलांसाठी आणि दूधवाल्यांसाठी तुम्ही दुकानात विजेच्या सायकली ठेवणार असाल, तर त्यांना मात्र मागच्या मोटारीची आणि सात चकत्यांची द्या. त्यांची किंमत कमी असते, फ्रीव्हील सहज मिळते आणि चेनवर मोटारीचा जोर नसतो. कोणतीही ठेवली तरी मोटार २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आहे याची खात्री करा, म्हणजे गिऱ्हाइकाला नोंदणी किंवा परवान्याची अडचण येणार नाही.

अण्णांसाठी माझे मत स्पष्टपणे हबगिअरच्या बाजूने आहे. पैसे देण्याआधी तीन गोष्टी पाहून घ्या. मागच्या फ्रेमच्या खाचा आडव्या आहेत का, म्हणजे चेन ढिली झाली की चाक मागे ओढून ती ताणता येईल. पुढच्या आणि मागच्या चकतीचे दात मोजून मला कळवा. आणि त्या सायकलीला बंद चेनकव्हर येते का ते विचारा. येत नसेल, तर मापे पाठवा, मी मे महिन्यात येताना इथून घेऊन येतो. सोबत एक जास्तीची मागची चकती, तिची स्प्रिंगची कडी आणि वायरचे दोन संच आणीन.

आईला आणि अण्णांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. हुरड्याचे दिवस चालू असतील, त्यामुळे अण्णा रोज शेतावर जात असणार. सायकल येईपर्यंत त्यांना चढावर उतरून चालायला सांगा आणि ते ऐकतात की नाही ते मला लिहा.

तुमचा धाकटा भाऊ