व्याख्यान पहिल्या शिफ्टला, खापर तिसऱ्या शिफ्टवर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांत हल्ली ‘सकारात्मक विचार करा’, ‘जबाबदारी स्वतः घ्या’ अशा व्याख्यानांचा सुकाळ आहे. वक्ते बोलतात छान, चहा-सामोसेही वेळेवर येतात. माझी तक्रार एवढीच की समोर बसवलेली माणसं चुकीची असतात. ऑपरेटर, हेल्पर, ट्रेनी यांना दोन तास बसवायचं आणि ज्यांच्या वागण्यावर अख्ख्या शिफ्टची रीत ठरते, ते साहेब वक्त्याला पुष्पगुच्छ दिला की ‘मीटिंग आहे’ म्हणून निघून जातात.

मी अंबडमधल्या सुट्या भागांच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. तिथे एकदा दुसऱ्या शिफ्टच्या सेटरने, म्हणजे मशीन जुळवून देणाऱ्याने, सीएनसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनवर इन्सर्ट (धातू कापणारं टोक) बदलला, पण पहिला पीस न मोजता, रजिस्टरला नोंद न करता तो कंपनीच्या बसकडे पळाला. तिसऱ्या शिफ्टला मशीनवर आलेला पोरगा कंत्राटी. बोअरमध्ये, म्हणजे पीसच्या भोकात, जे जायलाच नको, ते भोक तपासायच्या प्लग गेजचं ‘नो-गो’ टोक सरळ आत जातंय हे त्याच्या लक्षात आलं, तोवर क्रेट भरत आला होता. त्याने मशीन बंद केलं आणि मला हाक मारली, ‘ताई, हे बघा ना.’ त्याला शाबासकी द्यायची, तर सकाळी साहेबांचा पहिला प्रश्न होता, ‘मशीनवर कोण होतं?’ मेमो त्यालाच. पुढच्याच आठवड्यात ठेकेदाराने त्याला ब्रेक दिला, म्हणजे कामावरून कमी केलं. त्यानंतर कित्येक महिने त्या लाइनवर कुणी आपणहून मशीन थांबवलं नाही. माल पुढे ढकलायचा, पकडला गेला तर बघू. ‘गुणवत्ता ही प्रत्येकाची जबाबदारी’ ही पाटी त्याच मशीनच्या डोक्यावर होती.

पुढे एक नवे शिफ्ट इनचार्ज आले. नापास मालाला लावायच्या रिजेक्शनच्या लाल टॅगवर ‘जबाबदार’ असा रकाना असे. तिथे ते आधी स्वतःचं नाव लिहीत आणि मग कारण शोधायला बसत. पहिला पीस पास झाल्याशिवाय शिफ्ट हातची सोडायची नाही आणि दोन्ही सेटरनी मशीनपाशी उभं राहून काम सोपवायचं, हा नियम त्यातूनच आला. गंमत अशी की सुरुवातीला रिजेक्शनचा आकडा वाढला! आधी लपवला जाणारा माल लोक आता उघडपणे लाल क्रेटमध्ये टाकू लागले होते. वरून विचारणा झाली तेव्हा इनचार्जनी ती अंगावर घेतली, खाली कुणाला कळूही दिली नाही. आकडा उतरायला वेळ लागला, पण ‘ताई, हे बघा ना’ ही हाक पुन्हा ऐकू यायला लागली. मला तरी यापेक्षा वेगळी सकारात्मकता ठाऊक नाही.

कामगार काही धुतल्या तांदळासारखे नसतात. ‘ते माझं काम नाही’ म्हणत टोलवाटोलवी करणारे मी भरपूर पाहिले, त्यांच्याशी भांडलेही. पण हात झटकायला माणूस शिकतो तो वरच्याकडे बघूनच.

जपानच्या टोयोटाचं नाव प्रत्येक व्याख्यानात निघतं. तिथे साधा कामगारसुद्धा दोरी ओढून अडचण कळवू शकतो, हेही सांगतात. पण दोरी ओढली की टीम लीडर धावत मदतीला येतो आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत अडचण सुटली नाही तरच लाइन थांबते, हा भाग गाळला जातो. क्वालिटी सर्कलचंही, म्हणजे कामगारांनीच गट करून आपल्या कामातल्या अडचणी सोडवण्याच्या पद्धतीचंही, तेच. जपानमध्ये १९६२ साली सुरू झालेली ही पद्धत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हैदराबादच्या ‘भेल’मधून आपल्याकडे आली. आमच्याकडे तिचे फोटो आणि ट्रॉफ्या उरल्या. आणि ज्याला सहा-सात महिन्यांनी ब्रेक मिळणार, त्या कंत्राटी पोराला ‘कंपनी आपली समज’ हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

निमा आणि आयमा या आपल्या उद्योजक संघटनांना विनंती आहे. यापुढे असा कार्यक्रम ठेवाल तेव्हा पहिल्या दोन रांगा प्लँट हेडपासून लाइन इनचार्जपर्यंतच्या मंडळींसाठी ठेवा आणि त्यांना शेवटपर्यंत बसवा. गेल्या महिन्याचे लाल टॅग सोबत आणायला सांगा. वक्त्याने ‘जबाबदार’च्या रकान्यात कुणाकुणाची नावं आहेत ती वाचावीत आणि बोलायला तिथूनच सुरुवात करावी.

आपली,
एक निवृत्त क्वालिटी इन्स्पेक्टर,
सिडको, नाशिक