बाबा, प्रभुभोजन घरी घ्या

प्रिय आई आणि बाबा,

प्रभूमध्ये प्रेमाचा सलाम.

आईशी बोलणं झाल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाहीये. फोनवर ती नीट मांडता येत नाही, कारण बाबा मध्येच "बरं, ठेवतो" म्हणतात आणि विषय तिथेच राहतो. म्हणून हे पत्र. आई, तू मोठ्याने वाचून दाखव. बाबा, शेवटपर्यंत ऐका.

तुमचे पाळकसाहेब प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीची ती भाकर आणि द्राक्षारस, घेऊन घरी यायला तयार होते आणि बाबांनी नको असा निरोप धाडला, हे मला कळलं. "ते मंडळीत बसून घ्यायचं असतं, खाटेवर नाही. जमेल तेव्हा चर्चमध्ये येऊन घेईन." बाबा, तुमच्या म्हणण्याला शास्त्राचा आधार आहे, हे आधी मान्य करते. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला हेच लिहिलं की भाकर एकच आहे, म्हणून आपण पुष्कळ असून एक शरीर आहोत. प्रभुभोजन ही कोणाची खासगी भक्ती नव्हे. धडधाकट माणसाने केवळ सोय म्हणून ते घरी मागितलं, तर मीही नाही म्हणते. पण तुम्हाला जिना उतरवत नाही, आणि पुढे उतरवेल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. तुमच्या "जमेल तेव्हा"चा अर्थ हळूहळू "कधीच नाही" असा होत चाललाय. ते मला सहन होत नाही, लेक म्हणूनही आणि पाळक म्हणूनही.

इ.स. 155च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाच्या शिक्षकाने सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांच्या वतीने एक निवेदन लिहिलं. पुढे याच विश्वासापायी त्याला प्राण द्यावे लागले. त्या निवेदनात रविवारच्या उपासनेचं वर्णन आहे आणि ते वाचताना आपण आपल्याच चर्चमध्ये बसलोय असं वाटतं. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचायचे, मग बोध, मग सगळ्यांनी उभं राहून प्रार्थना, मग भाकर, द्राक्षारस आणि पाणी, आणि सगळ्यांचं मिळून "आमेन". त्यानंतर तो लिहितो की जे हजर नाहीत त्यांचा वाटा डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, त्यांच्याकडे पोहोचवतात. लगेच पुढे अनाथ, विधवा, आजारी आणि तुरुंगात पडलेले यांच्यासाठी जमा होणाऱ्या दानाविषयी आहे. ही चर्चच्या मोठ्या इमारती उभ्या राहण्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. येऊ न शकणाऱ्याच्या घरी वाटा नेणं ही आम्ही पाळकांनी अलीकडे काढलेली पळवाट असती, तर मी तुम्हाला आग्रह केला नसता. त्या एका भाकरीतलाच तुकडा तुमच्याकडे येतो, बाबा. तो परत पाठवला की मंडळीलाही काहीतरी कमी पडतं, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक प्रसंग सांगते. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याने एका पत्रात तो लिहून ठेवलाय. सेरापियन नावाचा एक म्हातारा छळाला भिऊन विश्वासापासून ढळला होता, म्हणून मंडळीने त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवलं होतं. मरणाला टेकल्यावर त्याने रात्रीच नातवाला पाळकाकडे धाडलं. पाळकही आजारी, अंथरुणातून उठवेना. त्याने भाकरीचा लहानसा तुकडा त्या मुलाच्या हाती दिला आणि सांगितलं, हा भिजव आणि थेंब थेंब आजोबांच्या तोंडात सोड. मुलाने तसंच केलं. म्हाताऱ्याने ते गिळलं आणि थोड्याच वेळात प्राण सोडला. चालता न येणारा पाळक, धड गिळताही न येणारा म्हातारा आणि मधे एक पोर. एवढ्यावर ती मंडळी पुरी झाली. या हकिकतीने माझी सेवेची समज जेवढी बदलली, तेवढी कुठल्या मोठ्या ग्रंथाने बदलली नसेल.

आता खरं कारण. आईने सांगितलं म्हणून तिच्यावर रागावू नका. तुमचा हात थरथरतो. प्याला सांडेल, लोकांसमोर कोणीतरी तोंड पुसायला लागेल, याचा तुम्हाला संकोच वाटतो. बाबा, माझ्या मंडळीत असे कितीतरी जण आहेत. प्याला धरवत नसेल तर मी तुकडा द्राक्षारसात बुडवून देते. गिळायला त्रास असेल तर अगदी कणभर देते. घाई नसते. त्यात कधीही काही उणं राहिलंय असं मला वाटलेलं नाही. तुम्ही चर्चचे पंच होतात तेव्हा थाळी घेऊन रांगेतून जायचात. एखाद्या आजीचा हात कापू लागला की तुम्ही न बोलता थाळी खाली धरायचात आणि तिचं होईपर्यंत थांबायचात. मी ते बाकावरून पाहायची. पाळकपणाचा पहिला धडा मला तिथे मिळाला, धर्मशास्त्राच्या वर्गात नाही.

तुमच्याविषयी विचार करताना मला सारखा येशूचा शिष्य पेत्र आठवतो. येशू पाय धुवायला वाकला तेव्हा पेत्राने साफ नाही म्हटलं. त्यात गुरूविषयीचा आदरच होता. येशूने त्याला सांगितलं की मी तुला धुतलं नाही, तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. पुनरुत्थानानंतर त्याच पेत्राला "माझी मेंढरं चार" असं सांगितलं. त्या वचनावर आम्ही पाळक किती उपदेश करतो! पण त्याच्याच पुढचं वचन क्वचितच घेतो. तरुणपणी तू स्वतः कमर बांधून हवं तिथे जात होतास, म्हातारा झालास की हात पुढे करशील आणि दुसरा तुझी कमर बांधेल. पेत्राच्या मरणाविषयी ते बोलणं होतं, असं योहान सांगतो. तरी त्यानंतर येशू काय म्हणाला, तर "माझ्यामागे ये." म्हणजे दुसऱ्याने कमर बांधून द्यावी लागते ते दिवसही मागे चालण्याचेच आहेत. आमच्या वार्षिक अहवालात केलेल्या कामांना रकाने असतात, घेतलेल्या कृपेला नसतो. म्हणून अंथरुणावरच्या माणसाला आपण मंडळीतून वजा झालो असं वाटतं. यात दोष आमचा आहे, तुमचा नाही.

आई, तुझंही एक. रात्री प्रार्थना करता करता डोळा लागतो, नावं विसरतात, म्हणून तू हळहळतेस. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल काय म्हणतो ते काढून वाच. आपण प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा आपल्यासाठी मध्यस्थी करतो. तुझी राहिलेली नावं तो घेतो. निवांत झोप.

बाबा, पाळकसाहेबांना मी अजून काहीच कळवलेलं नाही आणि तुमच्या होकाराशिवाय कळवणारही नाही. हो म्हणालात तर एक सुचवते. त्यांच्याबरोबर मंडळीतले दोन-तीन जण येऊ देत, म्हणजे तुमची एका भाकरीची अटही पाळली जाईल. "आमेन" म्हणायला मी फोनवर असेन. शास्त्रपाठ कुठला घ्यायचा ते तुम्ही ठरवा आणि आईकडून मला कळवा.

तुमची लेक