फ्लॉवरच्या एका तुऱ्याबद्दल आभार

प्रिय ताई आणि स्वयंपाकघरातल्या मावशी,

लहान मुलांच्या आहाराचे तक्ते आम्ही करतो. पण तक्त्यातली भाजी मुलाच्या तोंडात जाते ती तुमच्यामुळे, म्हणून हे पत्र.

पहिले आभार त्या नखाएवढ्या तुऱ्याचे. वाटीभर भाजी पाहून तीन वर्षांचं मूल तोंड फिरवतं. नखाएवढं त्याला झेपतं. साधारण 2 ते 6 या वयात नव्या पदार्थाची धास्ती वाटतेच, तो हट्ट नसतो. चव ओळखीची व्हायला 8-10 वेळा, कधी 15 वेळाही लागतात. अनेक घरांत मात्र तिसऱ्या नकारालाच ‘याला फ्लॉवर आवडत नाही’ असं ठरून जातं. तुम्ही ते ठरवू दिलं नाहीत. दर दोन-तीन दिवसांनी, मुलाच्या आवडीच्या पदार्थाशेजारी, तुरा येत राहिला. कुणी हुंगला, कुणी चाटला, कुणी चावून शेजारच्या रिकाम्या वाटीत काढून टाकला. ती रिकामी वाटी आम्हाला फार मोलाची वाटते. नको असेल तर बाहेर काढता येईल, एवढी खात्री असली की मूल घास तोंडात घालायला धजतं.

आणि ताई, तुम्ही ‘एवढं संपव, मग गोड देते’ म्हटलं नाहीत. त्या एका वाक्याने भाजी शिक्षा होते आणि गोड बक्षीस. तुम्ही फक्त विचारलंत, “कुरकुर वाजलं का?” काय आणि कधी वाढायचं ते तुम्ही ठरवलंत, किती खायचं ते मुलांवर सोडलंत.

मावशी, फ्लॉवर वाफेवर पाच-सहा मिनिटंच, देठात सुरीचं टोक सहज शिरेपर्यंत. त्यापुढे गेलं की गंधकाचा उग्र वास सुटतो आणि पुष्कळदा मूल वासालाच नाही म्हणतं. द्राक्षांचे उभे चार भाग करणं, दाणे अख्खे न देता कुटून देणं, हेही तुम्ही एकदाही चुकवलं नाहीत. घशात अडकण्याचा धोका याच वयात जास्त.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार 3-4 वर्षांच्या मुलांची दिवसभरात निदान 180 मिनिटं हालचाल व्हावी, त्यातली 60 मिनिटं दम लागेल अशी. सलग एवढं कुठलंच मूल धावणार नाही. तुम्ही 15-15 मिनिटांचे तुकडे केलेत: अस्वलासारखं हातापायांवर चालणं, बेडूकउड्या, जमिनीवरच्या दोरीवरून तोल सांभाळत जाणं. बाद झालेल्याला बसवून ठेवलं नाहीत, पाच उड्या मारून पुन्हा खेळात घेतलंत. नाहीतर सगळ्यांत हळू धावणारं, म्हणजे ज्याला हालचालीची जास्त गरज तेच मूल, कडेला बसून राहतं.

खेळ जेवणाआधी ठेवलात, मध्ये पाणी आणि दहा मिनिटं शांत बसणं. दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तास दूध-बिस्किटं बंद. भूक घेऊन ताटावर आलेलं मूल नव्या भाजीकडे निदान बघतं तरी.

पुढच्या महिन्याच्या तक्त्यात बीट घेतलं आहे. प्रमाणाच्या रकान्यात या वेळी आम्हीच लिहिलंय: नखाएवढं, आणि शेजारी रिकामी वाटी.

तुमचे ऋणी,
तक्ते करणारे आम्ही सगळे