गाडीबद्दल, सविस्तर

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढ्या पैशात नवी कोरी गाडी दारात येईल, मग कुणाची तरी वापरलेली कशाला?" पावसात तुमच्याकडे रेंज धड राहत नाही आणि हे दोन मिनिटांत सांगून होण्यासारखंही नाही. म्हणून लिहून काढते. आईलाही वाचून दाखवा, आणि पटणार नाही तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा.

गाडी आहे लॅन्ड रोव्हरची डिस्कव्हरी ४. २०१५ सालची, डिझेल, ऑटोमॅटिक. कोल्हापूर पासिंग, पहिल्यापासून एकच मालक, ताराबाई पार्कातले. नवी होती तेव्हा अर्ध्या कोटीच्या वर होती. आज ते मागतायत तेवढ्यात एखादी नवी मधल्या आकाराची गाडी येते. किंमत इतकी का पडते हे आधी सांगते, कारण तुमच्या मनातली खरी शंका तीच असणार. या गाड्या बिघडतात, आणि बिघडल्या की बिल हजारांत नाही, लाखांत येतं. पुढचा खर्च धरूनच बाजार ही किंमत लावतो. त्यामुळे गाडी स्वस्तात मिळतेय असं मी म्हणणार नाही. थोडे पैसे आत्ता मालकाला आणि थोडे पुढे गॅरेजला, असा हा व्यवहार आहे.

"टाटांचीच ना, मग इथल्या इथे काम होईल," असंही तुम्ही म्हणालात. टाटांनी ही कंपनी २००८ साली फोर्डकडून घेतली हे खरं. पण हिचं तीन लिटरचं व्ही-सिक्स इंजिन फोर्ड आणि फ्रान्सच्या पूजो-सिट्रोन यांनी मिळून काढलेल्या घराण्यातलं आहे. टाटांच्या नेहमीच्या वर्कशॉपमध्ये हिचं काम होत नाही. हिला पुण्याला न्यावं लागेल, नाहीतर ज्याने या गाड्या उघडून बघितल्यात अशाच मिस्त्रीच्या हातात द्यावी लागेल.

मग हीच का? आई, तुझ्या गुडघ्यांसाठी आणि पाठीसाठी. कोल्हापूर ते गगनबावडा ५५ किलोमीटर, पण पावसाळ्यात तो रस्ता मागच्या सीटवर बसून केला की तू दोन दिवस अंथरुणाला खिळतेस. या गाडीला पाटे नाहीत, स्प्रिंगाही नाहीत, चारही चाकांवर हवेचे फुगे आहेत. खड्डा ते पोटात घेतात. बटण दाबलं की गाडी नेहमीच्या उंचीपेक्षा ५ सेंटिमीटर खाली बसते, तू चढलीस की परत वर उठते. मोठ्या गाडीत चढायला तुला कुणाचा तरी खांदा लागतो, तो लागणार नाही.

आणि नेमकी हीच गोष्ट या गाडीत सगळ्यात नाजूक आहे. फुग्याचं रबर वयाने चिरतं, सांध्यातून हवा निसटते, मग तेवढी भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो आणि शेवटी तोही जळतो. म्हणून मालकांना विनंती केली की गाडी रात्रभर सपाट फरशीवर उभी ठेवा, चालू करू नका. संध्याकाळी टेप घेऊन चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतची उंची मोजून वहीत लिहिली आणि सकाळी मालकांचा चहा व्हायच्या आत परत जाऊन मोजली. हवा गळत असेल तर एखादा कोपरा रात्रीत बसतो. चारही आकडे जिथल्या तिथे होते. उंची वर-खाली करायच्या सगळ्या जागाही दोनदा चालवून बघितल्या, कॉम्प्रेसर विनातक्रार थांबत होता.

आता इंजिनाचं. याच भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण याच इंजिनाच्या क्रँकशाफ्टची, म्हणजे आतल्या मुख्य फिरत्या दांड्याची, बदनामी जगभर आहे. क्रँक ज्यावर फिरतो ते बेअरिंगचे शेल, अर्ध्या बांगडीसारखे पातळ, आपली जागा सोडून फिरतात. तसं झालं की तेलाचं भोक बंद होतं, क्रँक कोरडा पडतो आणि इंजिन तिथेच संपतं. आधी फारशी सूचनाही मिळत नाही. त्यावर मालकाच्या हातात असणारा उपाय म्हणजे तेल. परदेशात कंपनीने तेल बदलायला २५ हजार किलोमीटरच्या पुढची मुदत दिली होती. जाणकार मालक ती निम्म्यावर आणतात. या गृहस्थांच्या फाइलमध्ये दर १० हजारांच्या आसपास तेल बदलल्याची बिलं आहेत, तारखेने लावलेली, आणि प्रत्येक बिलावर मीटरचा आकडा. तो आकडा पहिल्या बिलापासून शेवटच्यापर्यंत चढत जातो, कुठे मागे येत नाही. स्कॅनर लावून गाडीच्या बाकीच्या कंट्रोल युनिटमधले, म्हणजे आतल्या छोट्या कॉम्प्युटरमधले, किलोमीटरही ताडून बघितले. मीटर मागे फिरवणारे बहुतेक डॅशबोर्डचा आकडा बदलतात, बाकीचे विसरतात.

तरी बिलांवर थांबले नाही. मालकांच्या परवानगीने तेल बदलून घेतलं, खर्च माझा, आणि जुना फिल्टर आमच्या फौंड्रीत घेऊन गेले. त्याच्या कागदाच्या घड्या ट्रेमध्ये उलगडल्या आणि वरून लोहचुंबक फिरवला. चुंबकाला थोडी काळी भुकटी लागली, तेवढी कुठल्याही डिझेल इंजिनात निघते. मला भीती चुंबकाला न चिकटणाऱ्या चमकीची होती. बेअरिंगच्या शेलवरचा थर लोखंडाचा नसतो, तो झिजला की सोनेरी-रुपेरी कण घडीत अडकतात आणि चुंबक त्यांना हलवत नाही. भिंग घेऊन घडी अन् घडी बघितली. चमक नव्हती. फौंड्रीच्या क्वालिटी विभागात इतकी वर्षं ओतीव भाग तपासण्यात गेली, त्याचा असा घरगुती उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. याने पुढची हमी मिळत नाही, हे मला माहीत आहे. पण आजचं इंजिन आतून खात नाहीये, एवढं नक्की.

बाकीचं भराभर सांगते. टायमिंग बेल्ट बदललेला आहे, पण इंजिनाच्या मागच्या बाजूला डिझेल पंपाचा आणखी एक छोटा बेल्ट असतो, तो पुष्कळ मिस्त्री विसरतात. त्याचं बिल फाइलमध्ये नाही, म्हणून तो घेतल्या घेतल्या बदलणार. आठ गिअरच्या ऑटोमॅटिक बॉक्सचं तेलही बदलणार. "आयुष्यभराचं तेल" असं म्हणतात, पण बॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच ते लाखभर किलोमीटरच्या सुमारास बदलायला सांगते. पुढच्या लोअर आर्मचे बुश, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्यांचे रबरी सांधे, झिजलेत, टायरची आतली कड खाल्लेली आहे त्यावरून ते दिसतंच. टायर असेही बदलायचेच आहेत. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. नक्षी छान शिल्लक आहे, पण साल वाचलं तर रबर म्हातारं झालंय. हे सगळं मालकांना दाखवून किमतीतून वजा करून घेतलंय. टर्बोचं, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा ढकलणाऱ्या पंख्याचं, काम मात्र कधी निघालं तर मोठंच. त्यासाठी बहुतेक वेळा अख्खी बॉडी चॅसीवरून, म्हणजे खालच्या सांगाड्यावरून, उचलावी लागते. त्याचे पैसे वेगळे ठेवल्याशिवाय मी ही गाडी घेणार नाही.

याआधी दुसऱ्या शहरात एका व्यापाऱ्याकडे एक गाडी बघितली होती, हिच्यापेक्षा बरीच स्वस्त. आतून अत्तराचा वास, सीटा धुऊन चकचकीत. मागच्या सीटचा बेल्ट मी शेवटपर्यंत ओढून काढला. एरवी गुंडाळलेला राहतो त्या भागावर तपकिरी रेघ होती, आणि हाताला बारीक, मऊ माती लागली. २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या माणसाला ती माती ओळखायला दुसऱ्याची गरज लागत नाही. शाहूपुरीत मामाच्या घरातली कपाटं आपण किती वेळा पुसली, तरी दारांच्या खाचांतून तीच निघत होती. या गाड्यांमध्ये कितीतरी छोटे कॉम्प्युटर आणि पुष्कळ वायर सीटखालून जाते. पाणी शिरलेली गाडी आज चालते, सहा महिन्यांनी वायरींचा एकेक प्लग गंजून हिरवा पडत जातो. तिथून सरळ निघाले. ताराबाई पार्कातल्या गाडीच्या विम्यावर ५० टक्के नो क्लेम बोनस चालू आहे, तो सलग पाच वर्षं एकही क्लेम नसल्याशिवाय मिळत नाही.

दिल्ली पासिंगच्या गाड्याही दाखवल्या. तिकडे २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशापासून दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांचा प्रश्न उभा राहिला, म्हणून त्या इकडे स्वस्तात येऊ लागल्या. त्यात चांगल्याही असतील. पण तिथली एनओसी (ना हरकत दाखला), इथला कर, नवी नोंदणी, आणि मुख्य म्हणजे आधीच्या मालकाला समोर बसवून प्रश्न विचारता येत नाहीत. मला तो माणूस बघायचा होता.

बाबा, तुमचे मित्र फॉर्च्युनर घे म्हणतात, त्यांचं चूक नाही. नुसता भरवसा बघायचा तर फॉर्च्युनरच पुढे आहे. साधी मजबूत चॅसी, साध्या स्प्रिंगा, आणि उद्यमनगरातला कुठलाही मिस्त्री डोळे झाकून खोलेल. पण तिच्या त्या पिढीतल्या गाडीत मागे बसणाऱ्याला हादरे बसतात, आणि आईला बसायचंय मागेच. चांगल्या ठेवलेल्या फॉर्च्युनरची किंमतही उतरत नाही. कधीतरी बंद पडण्याची शक्यता आणि दर खेपेला आईची पाठ, यांतलं पहिलं मी पैसे आणि तयारी ठेवून सांभाळू शकते.

एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर तुम्हाला काळजी लागेल. ही गाडी ७० सेंटिमीटर पाण्यातून जाऊ शकते असं कंपनी सांगते. वाटेत मांडुकलीला कुंभी नदीचं पाणी रस्त्यावर आलं की मी त्यात गाडी घालणार नाही. तो आकडा साचलेल्या पाण्याचा आहे. वाहत्या पाण्यात खालचा रस्ता राहिलाय का गेलाय हे कुणालाच दिसत नाही, आणि जड गाडीही पाणी बाजूला ढकलतं. रस्ता बंद असेल तर मी कोल्हापुरात थांबेन, तुम्ही घरात थांबा.

वॅगनआर विकणार नाही. रोज कामाला शिरोलीला त्याच गाडीने जाईन. डिस्कव्हरी तुमच्या खेपांसाठी, दवाखान्यासाठी आणि चंदगडच्या ताईकडे जायला. नोंदणी २०३० पर्यंत आहे, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर. कर्ज काढत नाही, त्यामुळे त्या बाजूने निश्चिंत राहा.

बयाणा अजून दिलेला नाही. मालक पंधरवडा थांबायला तयार आहेत. रविवारी ते स्वतः गाडी घेऊन माझ्याबरोबर गावाकडे येतील. आई, तू मागे बसून गगनबावड्यापर्यंत जाऊन ये आणि पाठीचं काय ते खरं सांग, माझ्यासाठी बरं बोलू नकोस. बाबा, तुम्ही बिलांची फाइल निवांत वाचा. तुम्हाला दोघांना नको वाटलं तर नाही घ्यायची.

तुमची,
सुमन

ता. क. आईच्या कॅल्शियमच्या गोळ्या संपत आल्या असतील, येताना घेऊन येते. जुनं प्रिस्क्रिप्शन शोधून ठेवा.