कृत्रिम गुडघ्यांची सक्तीची नोंदवही सुरू करावी: केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

गुडघे बदललेल्या रुग्णांचे व्यायाम घेणे हे माझे रोजचे काम आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याची कमाल किंमत ठरवली आणि त्याआधी दीड लाखाच्या पुढे जाणारा कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूचा नेहमीचा संच ५४,७२० रुपयांवर आला. हा निर्णय गरिबांच्या फार मोठ्या उपयोगाचा ठरला. मात्र ज्या सांध्याची किंमत सरकारने ठरवली, तो पुढे किती वर्षे टिकतो आणि कोणाला त्रास देतो, याची सक्तीची नोंद आपल्याकडे आजही होत नाही.

त्याच आदेशात ‘हाय फ्लेक्स’ रचनेसाठी ५६,४९० रुपयांची वेगळी मर्यादा होती. या रचनेत मांडीच्या हाडावर बसणाऱ्या धातूच्या भागाची मागची गोलाई वाढवलेली असते, जेणेकरून गुडघा खूप वाकला तरी तो भाग खालच्या पॉलिथिलीन या प्लास्टिकच्या चकतीवर नीट टेकून राहील. काही संचांत त्यासाठी मागचे हाड सुमारे दोन मिलिमीटर जास्त कापावे लागते. मांडी घालून जेवणाऱ्या, उकिडवे बसून भांगलण करणाऱ्या बायकांना याच रचनेची आशा दाखवली जाते. प्रत्यक्षात परदेशांतील अनेक तुलनात्मक चाचण्यांत साध्या आणि हाय फ्लेक्स रचनेच्या वाकण्यात फारसा फरक आढळलेला नाही. आपल्या रुग्णाने जास्तीचे हाड आणि जास्तीचे पैसे देऊन काय मिळवले, हे आपल्याच नोंदींतून कळायला हवे.

मापांचाही प्रश्न तितकाच गंभीर आहे. अनेक रचनांची प्रमाणे पाश्चात्त्य हाडांवरून बेतलेली आहेत, तर आशियाई स्त्रियांचा गुडघा लहान आणि रुंदीला कमी असतो. धातूचा भाग हाडाच्या कडेबाहेर तीन मिलिमीटर आला, तरी तो आजूबाजूच्या मऊ भागाला घासतो आणि दुखणे मागे लागते. ‘एक्स-रे चांगला आहे, मग दुखते का?’ असे रुग्ण मला विचारतात, तेव्हा बसवलेले माप कोणते, हे त्यांच्यापैकी बहुतेकांना सांगता येत नाही. मॉडेल, माप आणि बॅच क्रमांक लिहिलेले स्टिकर केसपेपरवर चिकटवलेले असते खरे, पण फाइल हरवली की ती माहितीही रुग्णाच्या हातून जाते.

स्वीडनने गुडघ्यांची नोंदवही १९७५ मध्ये सुरू केली, ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये. ऑस्ट्रेलियाच्या वार्षिक अहवालात कोणत्या मॉडेलची पुन्हा शस्त्रक्रिया किती प्रमाणात करावी लागली, हे नावानिशी छापले जाते. आपल्याकडे शल्यविशारदांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक आहे. ज्याचे निकाल वाईट, तो माहिती कशाला पाठवील?

आरोग्य आणि रसायन व खते ही दोन्ही खाती २०२४ पासून आपल्याकडेच असल्याने किंमत आणि सुरक्षितता यांची सांगड घालणे आपल्याला शक्य आहे. माझी विनंती अशी, की आयुष्मान भारतमधील प्रत्येक गुडघा-प्रत्यारोपणाच्या दाव्यासोबत मॉडेल, माप आणि बॅच क्रमांक देणे आधी सक्तीचे करावे, पुढे तोच नियम खासगी रुग्णालयांना लावावा, पुन्हा कराव्या लागलेल्या शस्त्रक्रियांची मॉडेलनिहाय माहिती दरवर्षी जाहीर करावी, आणि पुढील किमती ठरवताना ती विचारात घ्यावी.

आपली नम्र,
एक फिजिओथेरपिस्ट